छत्रीमागून आलेले पाहुणे

गेलेल्या माणसाला आठव्या दिवशी वाटेला लावायचं, तर प्रार्थना म्हणणारी बाई लागते, मेणबत्त्या लागतात, पोटभर जेवण लागतं आणि बाई जे म्हणेल त्याला उत्तर देणारी माणसं लागतात. रुफिनाकडे सगळं तयार होतं. माणसांचा तेवढा पत्ता नव्हता.

अंगणात झावळ्यांच्या मांडवाखाली लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा लागल्या होत्या. त्या भाड्यानं आणताना तिचा नवरा नासारियो हळूच म्हणाला होता, "एवढ्या कशाला गं?" तिनं त्याच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की त्यानं मुकाट्यानं आणखी एक रांग उचलली. आता त्या सगळ्या खुर्च्यांमध्ये एक कोंबडी तेवढी बसली होती, आणि तीही शेजारच्या प्रिमितीवोची. प्रिमितीवो स्वतः येण्याची सुतराम शक्यता नव्हती.

चुलीवर टर्कीचा काळा रस्सा रटरटत होता. त्याच्या मसाल्यासाठी मिरच्या पार कोळसा होईपर्यंत जाळाव्या लागतात. आदल्या दिवशी रुफिनानं त्या जाळल्या, तेव्हा सगळ्या यश्लोल गावाला ठसका लागला होता. म्हणजे रुफिनाच्या घरी उद्या प्रार्थना आहे हे आम्हाला कळलंच नाही, असं म्हणायची सोय कुणालाच उरली नव्हती. कळलं सगळ्यांना होतं. यायचं कुणाला नव्हतं.

गावाचंही अगदीच चुकत होतं असं नाही. रुफिनाचे वडील, सिप्रियानो तात, गावाच्या टोकाला असलेल्या जुन्या अवशेषांचे राखणदार होते. तिथला तो पायऱ्यापायऱ्यांचा उंच पिरॅमिड आणि त्याच्या आसपासचे पडके महाल वाडवडिलांनी बांधले, हे गावाला ठाऊक होतं. वाडवडिलांचं ते आपलंच, असा गावाचा सरळ हिशेब होता. घराला गडगा घालायचा झाला की हातगाडी घेऊन जायचं आणि घडीव दगड भरून आणायचे. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. मग सिप्रियानो तातांच्या गळ्यात सरकारनं शिट्टी अडकवली आणि गावाचे वाईट दिवस सुरू झाले.

त्यांनी कुणालाच सोडलं नाही. सरपंचाच्या गाईला त्यांनी महालातून हाकललं, देवळातल्या पाद्रीबाबांना पिरॅमिडच्या पायरीवर पाय ठेवला म्हणून शिट्टी मारून खाली उतरवलं. प्रिमितीवोला तर त्यांनी बांधून झालेली स्वयंपाकघराची भिंत उतरवायला लावली आणि एकेक दगड भर उन्हात परत वाहायला लावला. वर त्याच्यामागून चालत, "हा इथला नाही, तो तिकडच्या कोपऱ्यातला," असं बजावत राहिले. प्रिमितीवोची बायको त्या वर्षी पावसाळाभर छत्री धरून स्वयंपाक करत होती. असल्या माणसाच्या आत्म्यासाठी गुडघे टेकायला कोण येणार?

"मी निघते गं," बाल्बिना मावशी म्हणाल्या.

बाल्बिना मावशी म्हणजे पंचक्रोशीत प्रार्थना म्हणणारी एकमेव बाई. अंगानं वाळलेल्या, आवाजानं खणखणीत. त्यांनी जपमाळ मनगटाला गुंडाळायला घेतली, तशी रुफिना चुलीपासून धावत आली.

"मावशी, थोडं थांबा ना. येतीलच आता कुणीतरी."

"कोण येणार? ती कोंबडी आलीय तेवढी बास झाली. हे बघ पोरी, मी भिंतींपुढे जपमाळ ओढत नाही. मी संतांची नावं घ्यायची, माणसांनी 'त्याच्यासाठी विनव' म्हणायचं. माणसंच नसतील तर वर ऐकणार कोण?"

"मी आहे, नासारियो आहे."

"तुम्ही दोघं म्हणजे गाऱ्हाणं झालं, प्रार्थना नाही. दोन आवाजांत आत्म्याला कळतसुद्धा नाही, की आपल्याला जायला सांगतायत. तो बसतो इथेच."

"इथेच म्हणजे?"

"म्हणजे इथेच. या घरात. मग बस सांभाळत."

रुफिनानं घराकडे वळून पाहिलं. वडिलांना तिनं शेवटची कितीतरी वर्षं सांभाळलं होतं. तव्यावरच्या मक्याच्या प्रत्येक पोळीवर ते शेरा मारत. जिवंत होते तेव्हा निदान दुपारी झुल्यात पडून झोपायचे तरी. आत्म्याला झोप कुठली? पण भीतीपेक्षा मोठं दुःख दुसरंच होतं. आपला बाप मेल्यावरसुद्धा कुणाला नको झालाय आणि या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत कोपऱ्यात उभा आहे, या कल्पनेनं तिचा जीव कासावीस होत होता. तो कितीही कजाग असला तरी तिचा बाप होता. आठवडाभर न रडलेली रुफिना आता त्या खुर्च्यांकडे पाहून रडकुंडीला आली.

तेवढ्यात बाहेर बसचा भोंगा वाजला.

नासारियो धापा टाकत आत आला. सासऱ्यांच्या मागे राखणदारी त्याच्याकडे आली होती, आणि तिच्याबरोबर यायला हवी ती जरब मात्र आली नव्हती. "पर्यटकांची बस आलीय," तो म्हणाला. "गास्पार आहे बरोबर. फाटक उघड म्हणतोय."

"मग उघडा ना."

"किल्ली?" नासारियोनं वेदीकडे बोट दाखवलं.

फुलांनी सजवलेल्या वेदीच्या टेबलावर सिप्रियानो तातांचा फोटो होता. फोटोतही ते कुणावर तरी खेकसण्याच्या बेतात दिसत होते. गेलेल्या माणसाच्या आवडत्या वस्तू प्रार्थनेच्या दिवशी फोटोपुढे मांडायच्या असतात. दुसऱ्या कुणी आरसा, गिटार, फार तर दारूची बाटली मांडली असती. नासारियोनं मोठ्या भक्तिभावानं सासऱ्यांची टोपी मांडली होती, शिट्टी मांडली होती आणि अवशेषांच्या फाटकाची किल्लीही मांडली होती. दुसरी किल्ली नव्हती. तातांनी दुसरी किल्ली करूच दिली नव्हती, कारण त्यांचा कुणावर विश्वास नव्हता, आणि त्या 'कुणावर'मध्ये नासारियो सगळ्यात वर होता.

"उचला आणि द्या," रुफिना म्हणाली.

"खबरदार!" बाल्बिना मावशी कडाडल्या. "वेदीवर मांडलेली वस्तू प्रार्थना संपल्याशिवाय हलवायची नसते. ती आता त्याची आहे. मेलेल्याच्या हातातून हिसकावून घेणार आहेस?"

सिप्रियानो तातांच्या हातून किल्ली हिसकावण्याची छाती नासारियोला ते जिवंत असताना झाली नव्हती. तो दोन पावलं मागे सरकला.

इतक्यात अंगणाच्या दारातून आधी एक केशरी छत्री आत आली आणि मग तिच्याखाली गास्पार. गास्पार शेजारच्याच गावचा, गोड बोलणारा गाईड. त्याचं आणि तातांचं अजिबात पटायचं नाही. तो पर्यटकांना जुन्या काळी बळी दिलेल्या माणसांच्या, पायऱ्यांवरून गडगडत येणाऱ्या मुंडक्यांच्या गोष्टी रंगवून सांगायचा, आणि गोष्ट ऐन रंगात आली की तात मागून शिट्टी फुंकायचे. मुंडकी अर्ध्या वाटेवरच थांबायची.

"रुफिना, वाईट वाटलं ऐकून," गास्पार टोपी काढत म्हणाला. "पण माझी माणसं उन्हात उभी आहेत. किल्ली दे, एका तासात परत आणतो."

"उन्हात कुठं? ती तर आत आलीत," नासारियो म्हणाला.

गास्पारनं वळून पाहिलं. मागच्या सहलीत त्याचा एक म्हातारा पर्यटक अवशेषांत हरवला होता आणि सापडेपर्यंत गास्पारच्या तोंडचं पाणी पळालं होतं. म्हणून आज सकाळपासून तो बसमध्ये एकच मंत्र घोकून घेत होता, की छत्री जाईल तिथं सगळ्यांनी जायचं, काहीही विचारायचं नाही. हॉलंडहून आलेली ती चाळीसेक निवृत्त माणसं शिस्तीची पक्की होती. छत्री अंगणाच्या दारातून आत वळली, माणसं वळली. छत्री मांडवाखाली थांबली, माणसं थांबली. समोर खुर्च्या दिसल्या, तेव्हा एकेकजण शांतपणे रांगेनं बसूही लागला. प्रिमितीवोची कोंबडी तेवढी उठून गेली.

बाल्बिना मावशींनी भरलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं. मनगटावर गुंडाळलेली जपमाळ त्यांनी पुन्हा सोडली.

"आली की गं माणसं," त्या म्हणाल्या. "रुफिना, मेणबत्ती लाव."

"मावशी, ही प्रार्थनेची माणसं नव्हेत," गास्पार घाईघाईनं म्हणाला. "ही अवशेष बघायला आलीत."

"किल्ली कुठाय तुझी?"

"वेदीवर."

"वेदीवरची वस्तू कधी उचलतात?"

गास्पारला उत्तर ठाऊक होतं. तोही याच मातीतला. वेदीला हात लावला हे त्याच्या आईच्या कानावर गेलं असतं, तर तिनं त्याला घरात घेतलं नसतं. तरी त्यानं एकदा मेणबत्ती सरळ करण्याचं निमित्त करून हात पुढे केला. बाल्बिना मावशींनी तो जपमाळेनंच झटकला.

"प्रार्थना संपली की मिळेल," त्या म्हणाल्या. "आणि ती संपायला उत्तरं देणारी माणसं लागतात. तू आणलीयस तेवढी. बघ बाबा, तुझं तूच ठरव."

दुसरा मार्ग नव्हता. गास्पार पर्यटकांकडे वळला. चेहऱ्यावर शक्य तितकं गांभीर्य आणून त्यानं इंग्रजीत सांगितलं, "पिरॅमिडचा राखणदार मरण पावला आहे. त्याच्या आत्म्याला निरोप मिळेपर्यंत फाटक उघडणार नाही. आणि तो निरोप तुम्हीच द्यायचा आहे."

खुर्च्यांमधल्या टोप्या उतरल्या. गास्पारनं पर्यटकांना सांगितलेली ही पहिलीच शब्दशः खरी गोष्ट होती, आणि ती त्याच्या सगळ्या थापांहून भारी निघाली. पुढच्या रांगेतल्या विलेमिना नावाच्या उंच, पांढऱ्या केसांच्या बाईंनी छातीवर हात ठेवला आणि त्यांचं बघून सगळ्यांनीच ठेवला.

"आम्ही काय म्हणायचं?" बाईंनी विचारलं.

गास्पारनं तोडून तोडून शिकवलं. त्याच्या. साठी. विनव.

प्रार्थना सुरू झाली. बाल्बिना मावशींनी पहिल्या संताचं नाव घेतलं, आणि परक्या देशातले चाळीस घसे एकदम म्हणाले, "त्याच्यासाठी विनव." उच्चार असे होते, की नासारियोनं ओठ चावून मान खाली घातली. पण रुफिनाच्या अंगावर काटा आला. ही माणसं तिच्या बापाला ओळखत नव्हती. त्याची शिट्टी त्यांनी कधी ऐकली नव्हती. आणि ती डोळे मिटून त्याच्यासाठी विनवत होती. तिला अखेर रडू फुटलं, आणि तिनं ते अडवलं नाही.

तो आवाज गडग्यापलीकडे गेला. थोड्या वेळानं गडग्यावर प्रिमितीवोची हॅट उगवली, मग डोळे उगवले.

"कोण रे ही माणसं?" त्यानं नासारियोला दबक्या आवाजात विचारलं.

"तातांच्या प्रार्थनेला आलीत," नासारियो म्हणाला. त्या घटकेला ते खोटं नव्हतं.

"कुठून?"

"हॉलंडहून."

"समुद्रापलीकडून?"

"हो."

"सिप्रियानोसाठी?"

नासारियोनं मेणबत्त्यांकडे बघत मान डोलावली. हॅट नाहीशी झाली. आणि मग गडग्यापलीकडून प्रिमितीवोच्या बायकोचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "अहो, परदेशातून बस भरून माणसं आलीत, आणि आपण शेजारी असून कोंबडी पाठवली! लोक काय म्हणतील? तो चांगला सदरा घाला आधी."

पुढचं सगळं बघता बघता झालं. परदेशी लोक सिप्रियानोसाठी रडतायत, ही बातमी गावभर पसरली. ती दुसऱ्या टोकाला पोचली तेव्हा सिप्रियानो हा तिकडच्या राणीच्या खास ओळखीतला माणूस झाला होता. अंगणात एकेक घर येऊ लागलं. बायका भरतकामाचे ठेवणीतले पांढरेशुभ्र झगे घालून आल्या, पुरुष ओल्या केसांचा भांग पाडून आले. प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती होती. सरपंच आला. आठवडाभर या रस्त्यानं न फिरकलेले पाद्रीबाबाही आले आणि आपण मुळापासून इथंच होतो अशा थाटात भिंतीला टेकून उभे राहिले. खुर्च्या संपल्या. नासारियोकडे वळून रुफिना पुटपुटली, "बघितलंत? एवढ्या कशाला म्हणे."

गास्पार मात्र बोटांवर जपमाळेचे मणी मोजत होता. शेवटचे काही राहिले होते. त्याची नजर किल्लीवर खिळली होती. एवढ्यात बाल्बिना मावशी थांबल्या. त्यांनी नव्यानं आलेल्या गर्दीकडे पाहिलं आणि जपमाळ पहिल्या मण्यावर आणली.

"हे काय?" गास्पार पुढे झाला. "मावशी, संपत आलं होतं!"

"गाव आत्ता आलंय. त्यांची प्रार्थना अर्धीच होईल. आणि अर्धी प्रार्थना माणसाला अर्ध्या वाटेवर सोडते. पुन्हा पहिल्यापासून."

"मावशी, माझी माणसं म्हातारी आहेत हो."

"मेलेला माणूस तुझ्या माणसांहून म्हातारा आहे. त्याला थांबवणार आहेस का?"

गास्पार छत्री मिटून खाली बसला.

दुसऱ्या खेपेला एक नवीनच भानगड झाली. पहिल्या संताच्या नावाला गावानं नेहमीच्या आळसावलेल्या सुरात उत्तर दिलं. पाहुण्यांना एव्हाना सराव झाला होता; त्यांचं उत्तर गावाच्या उत्तरावरून सरळ पलीकडे गेलं. गावानं एकमेकांकडे पाहिलं. आपल्याच अंगणात, आपल्याच प्रार्थनेत, आपल्याच संतांसमोर बाहेरचे लोक आपल्याहून मोठ्यानं विनवणार म्हणजे काय? पुढच्या नावाला प्रिमितीवोनं मान मागे टाकून अशी आरोळी ठोकली, की झाडावरच्या चिमण्या उडाल्या. पाहुण्यांना वाटलं, आता मोठ्यानं म्हणायचं असतं. तेही उभे राहिले. मग गाव उभं राहिलं.

"त्याच्यासाठी विनव!"

"त्याच्यासाठी विनव!"

कुत्री भुंकू लागली. सरपंचाच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. बाल्बिना मावशींना उभ्या आयुष्यात असा प्रतिसाद मिळाला नव्हता. त्यांच्या गालांवर लाली आली, आवाजाला धार चढली आणि संतांची यादी संपेचना.

"मावशी, हा संत कुठला?" गास्पारनं हळूच विचारलं.

"गप बस. आहे एक."

शेवटी संत संपले. बाल्बिना मावशींनी क्रुसाची खूण केली, किल्ली उचलली आणि गास्पारच्या हातावर ठेवली. तो उड्या मारतच उठला. पण प्रार्थनेला आलेला माणूस न जेवता दारातून बाहेर पडत नाही, हे त्याला रुफिनानं सांगायची गरज नव्हती. तो पुन्हा बसला.

काळा रस्सा पानात आला, तेव्हा पाहुणे क्षणभर दचकले. मग शोकाच्या घरी जेवणही काळंच असणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि खाली मान घालून खाऊ लागले. पातेल्याचा तळ दिसायला वेळ लागला नाही. रुफिना घाबरली, तोच गडग्यावरून प्रिमितीवोच्या बायकोनं आपल्या घरचं पातेलं पुढे केलं. मागून कुणी पोळ्यांची टोपली आणली, कुणी जास्वंदीचं सरबत आणलं. विलेमिनाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते मिरचीचं होतं, हे रुफिनाला चांगलं कळत होतं. तरी तिला बरं वाटलं.

"तुमच्या वडिलांना हे सगळं फार आवडलं असतं," बाईंनी गास्पारकरवी तिला सांगितलं.

"त्यांना काहीच आवडायचं नाही," रुफिना म्हणाली. गास्पारनं त्याचं इंग्रजीत काय केलं कोण जाणे; बाईंनी तिला मिठी मारली.

ऊन कलायला लागल्यावर कुठं केशरी छत्री पुन्हा वर झाली आणि पाहुणे तिच्यामागून अवशेषांकडे निघाले. त्यांच्यामागून सगळं गावही निघालं. एवढ्या लांबून आलेल्या माणसांना एकट्यानं कसं जाऊ द्यायचं? रुफिना भांडी घासायला घरीच थांबली. पण मागचं अंगण पिरॅमिडला लागूनच होतं. गडग्यावरून तिला सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

गास्पारनं पायथ्याशी उभं राहून मुंडक्यांची गोष्ट सुरू केली. प्रिमितीवोनं त्याला बाजूला सारलं.

"मुंडक्यांचं राहू दे. त्यांना हे दगड दाखव. ते तीन, कोपऱ्यातले. माझे आहेत."

"तुझे कसे?"

"माझ्या स्वयंपाकघरात होते. मी स्वतः वाहून आणून लावलेत परत. सांग त्यांना."

गास्पारनं नाइलाजानं सांगितलं. पाहुण्यांनी त्या तीन दगडांचे पिरॅमिडपेक्षा जास्त फोटो काढले. मग काय विचारता! दुसरा एकजण आपल्या आजोबांच्या चुलीचा दगड दाखवायला लागला, सरपंच गोठ्याचा उंबरा दाखवायला लागला. आयुष्यभर ज्या दगडांपायी सिप्रियानोला शिव्या घातल्या, ते परत केल्याची फुशारकी आता सगळं गाव मारत होतं. एवढ्यात एका पाहुण्यानं फोटोसाठी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"ए! उतर खाली!" सगळं गाव एका दमात ओरडलं.

रुफिनाच्या हातातलं ताट तसंच राहिलं. ती कितीतरी वेळ तिकडे बघत राहिली.

बस गेली. माणसं पांगली. जाताना प्रत्येकजण तिच्याशी काहीतरी बोलून गेला, आणि प्रत्येकानं महिन्याच्या प्रार्थनेला येतो म्हणून सांगितलं. बाल्बिना मावशी आपल्या वाट्याचा रस्सा डब्यात भरून घेत होत्या. रुफिना हात पुसत त्यांच्याजवळ आली. सकाळपासून तिला एवढंच विचारायचं होतं.

"मावशी, गेले ना हो तात?"

मावशींनी डब्याचं झाकण नीट लावलं. एकवार मांडवात, एकवार घरात नजर टाकली आणि मान हलवली.

"कुठला जातोय!"

"अहो, एवढी माणसं होती!"

"तेच तर झालं. कमी माणसं असली तर आत्म्याला जायचं कळत नाही. पण हे जरा अतीच झालं. अगं, ज्याला उभ्या जन्मात कुणी दारात 'बसा' म्हटलं नाही, त्याच्यासाठी आज समुद्रापलीकडचे लोक आणि प्रिमितीवो घसे फोडत होते. असला सोहळा टाकून कोण जाईल? मी इतकी वर्षं माणसं वाटेला लावतेय, मला कळतं. तो हलत नाही आता."

"मग काय करायचं?"

"महिन्याच्या प्रार्थनेला थोडी माणसं बोलव. कंटाळवाणी बघून बोलव."

"पण सगळं गाव येणार आहे!"

"मग वर्षाच्या वेळी बघू," असं म्हणून मावशी डबा काखेत मारून निघून गेल्या.

रुफिना मांडवात एकटी उरली. खरं तर तिनं डोक्याला हात लावायला हवा होता. एवढा खर्च, एवढी मिरची, आणि बाप जिथल्या तिथे. पण छातीवर आठवडाभर असलेलं ओझं कुठं गेलं ते तिला कळेना. तो कोपऱ्यात उभा आहे असं तिला अजूनही वाटत होतं. फक्त आता तो केविलवाणा वाटत नव्हता.

तिनं एक खुर्ची झग्याच्या टोकानं पुसली आणि वेदीसमोर ओढली. पातेल्याच्या तळाशी राहिलेली टर्कीची तंगडी ताटात वाढली, वर रस्सा घातला आणि ताट खुर्चीपुढे ठेवलं.

"बसा, तात," ती म्हणाली, आणि सकाळपासून उपाशी असलेली ती स्वतःही शेजारी जेवायला बसली.